कोमातल्या माणसाची मुलाखत

आमच्या घराला दोन जावई आहेत. एक माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो, चहात साखर कमी आहे असं प्रत्येक कपाला सांगतो, आणि तो गेला की आई उशांचे अभ्रे धुवायला काढते. दुसरा जावई रोज रात्री आठला येतो. तो साखरेचं नाव काढत नाही, सासूच्या पाया पडल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, बायको रडली की स्वतःही रडतो. तो टीव्हीत राहतो, त्यामुळं त्याचे अभ्रेही धुवावे लागत नाहीत.

आई त्याचं मालिकेतलं नाव घेत नाही. खरं नाव तिला कधी विचारावंसंही वाटलं नाही. ती त्याला 'आपलं लेकरू' म्हणते. मी तिच्या पोटचा, पन्नाशीला टेकलेला, बँकेत लोकांचे हिशेब जुळवणारा माणूस. माझा उल्लेख घरात 'आमचं येडं' असा होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. येड्याला मुलाखत कुणी मागत नाही, हा मोठाच फायदा आहे.

तर या लेकरानं मुलाखत दिली.

हल्ली मुलाखती घेतात तशीच ती होती. दोन माणसं समोरासमोर बसलेली, मधे प्लास्टिकच्या पानांची कुंडी, तोंडाशी वांग्याएवढा काळा माईक आणि दीड तास गप्पा. त्यात विचारणाऱ्यानं विचारलं, तुम्ही स्वतः तुमची मालिका बघता का? लेकरू खळखळून हसलं आणि म्हणालं, "छे हो! नाही बघवत. एकच गोष्ट तीन-तीनदा सांगतो आम्ही. पण करणार काय? आमचा प्रेक्षक भाजी चिरता चिरता बघतो. अर्धं लक्ष कढईत असतं त्याचं."

दीड तासातलं एवढंच कुणीतरी कातरलं, त्याच्याखाली रडकी सनई लावली, वर लाल अक्षरांत 'प्रेक्षकांचा घोर अपमान' असं लिहिलं आणि दिलं सोडून. आमच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि त्याआधी कितीतरी दिवसांची धावपळ. ही क्लिप मात्र एकाही वाघिणीशिवाय तासाभरात औसा रोडला पोचली.

घरात ती आणली भाच्यानं. हा भाचा नीटच्या क्लाससाठी आमच्याकडं राहतो. लातूर पॅटर्नचा दरारा अख्ख्या महाराष्ट्रात आहे, फक्त आमच्या भाच्याच्या खोलीत तो पोचलेला नाही. पुस्तकाच्या आड मोबाईल धरून बसलेला तो एकदम ओरडला, "आज्जी, तुझ्या लेकरानं बघ काय म्हणलंय!"

आता अडचण अशी होती, की त्या आठवड्यात लेकरू कोमात होतं. सावत्र भावानं गाडीचे ब्रेक सैल केले होते आणि लेकरू घाटातून खाली गेलं होतं. मालिकेत माणूस कोमात जातो त्याची कारणं सहसा वैद्यकीय नसतात, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. नटाला सिनेमा मिळालेला असतो, नाहीतर सुट्टी हवी असते, नाहीतर त्यानं पैसे वाढवून मागितलेले असतात. पण ठाऊक असणं वेगळं. आई सिद्धेश्वराला नारळ बोलली होती. मोठ्या वहिनीनं गुरुवारचा उपास शनिवारपर्यंत वाढवला होता. डोक्याला पांढरी पट्टी, नाकात नळी, तीन भाग झाले तरी दाढीचा एक खुंट वाढलेला नाही, अशा अवस्थेत ते पडलेलं. आणि इथं भाच्याच्या मोबाईलवर तेच लेकरू टी-शर्ट घालून हसायलंय.

"कोमात हाय की ते!" आई म्हणाली.

"आज्जी, कोमात ते मालिकेत आहे. हे खरं आहे."

"मग मालिकेतलं खोटं हाय व्हय?"

भाचा न्यूटनचे तिन्ही नियम झोपेत म्हणतो. याचं उत्तर त्याला देता आलं नाही. मीही पेपरात डोकं घातलं.

त्या रात्री आठ वाजता आमच्या दिवाणखान्यात जे चाललं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर नाकात नळी घातलेलं लेकरू. बायको उशाशी रडायली. आमच्या घरच्या बायकाही सवयीनं रडायल्या, पदर डोळ्याला लावायल्या आणि त्याच पदराआडून त्याला शिव्याही द्यायल्या. "लागली की न्हाई हाय आमची?" असं वहिनी त्या बेशुद्ध माणसाला विचारत होती. मधे जाहिरात लागली की नुसत्या शिव्या. मालिका सुरू झाली की पुन्हा रडणं. माझी बायको तेवढी दोन्हींत नव्हती. तिचं म्हणणं, आधी एक काय ते ठरवा, मग मी रडते.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की अपमान एक असला तरी प्रत्येकीला झालेला वेगळा होता. वहिनीला 'भाजी चिरता चिरता' हे लागलं. ती साडेसातच्या आत भाकऱ्या थापून, भाजी झाकून, हात धुऊन, केसावरून फणी फिरवून सतरंजीवर बसते. "माझ्या हाताला पीठ सुदीक नसतंय त्या वक्ताला," ती म्हणाली, "अन् हा म्हणतोय भाजी!" शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना भाजीचं काहीच वाटलं नाही; त्यांना 'अर्धं लक्ष' हे झोंबलं. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर कोण चिंचा खातंय हे फळ्याकडं तोंड करून ओळखणारी बाई ती. नायिकेचं मंगळसूत्र एका प्रसंगात दोन पदरी आणि पुढच्या प्रसंगात एक पदरी कसं होतं, याची नोंद त्यांच्या वहीत तारखेसकट आहे. "अर्धं लक्ष कुणाचं ते मी दाखवते त्यांना," असं म्हणत त्या वही घेऊनच आमच्याकडं आल्या. मुंबईला पोस्टानं पाठवायची त्यांची तयारी होती. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता म्हणून वही वाचली.

राग आला नाही तो एकटीला: आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशीला. संध्याकाळी ती गल्लीतली पाच घरं करते. आठची मालिका सुरू होते तेव्हा ती काकूंच्या मोरीत असते, संपते तेव्हा आमच्या. मधला काही भाग रस्त्यावर, लोकांच्या खिडक्यांतून. तिनं ही मालिका वर्षानुवर्षं ऐकलेली आहे; बघितलेली नाही. वहिनी तावातावानं सांगायली, "मावशे, तीन-तीनदा सांगावं लागतंय म्हणतोय आपल्याला, येडे हाव जणू!" मावशी कढई घासता घासता म्हणाली, "बराबर हाय की. एक डाव नळ चालू असतोय, एक डाव कुकर वाजतोय. तिसऱ्या डावाला कळतंय मला."

वहिनीनं त्या दिवशी मावशीला चहा दिला, पण बिस्किट दिलं नाही.

इथं मी तोंड उघडलं. जेवताना सहज म्हणालो, "खरं तेच बोलला की तो." आणि का म्हणू नये? रोज साडेआठला टीव्ही बंद झाला की आमच्या घरात काय बोलतात ते मी रोज ऐकतो. "काय लांबण लावलीया." "कालचंच आज दाखवलं." "ह्या सुनंला जरा तरी अक्कल हाय का?" "लेखक मेलाय बहुतेक." लेकरू जे बोललं ते यापुढं फारच सौम्य. पण मालिकेला नावं ठेवायचा हक्क बघणाऱ्याचा असतो, करणाऱ्याचा नसतो. आपल्या पोराला आपण गाढव म्हणावं. मास्तरानं म्हटलं की लोक शाळेवर जातात. हे सगळं मी मनात म्हणालो. कारण तोवर माझ्या ताटात सकाळची भाकरी पडली होती, आणि त्या पुढचे काही दिवस ठेच्याचा रंग उतरत उतरत शेवटी नुसतं मीठच राहिलं.

बँकेत तरी शांतता असेल म्हटलं तर तिथं पुरुष होते. पुरुष मालिका बघत नाहीत. ते फक्त त्या वेळी घरात असतात. पासबुक भरायला आलेल्या एका गृहस्थांनी खिडकीतून मान आत घालून विचारलं, "काय वो, त्यो कोमातला सुधारल का?" मी विचारलं, तुम्ही बघता? "छ्या! आमच्या घरी बघतेत." आणि मग त्यांनी ब्रेक कुणी सैल केले, त्याआधी खिरीत काय घातलं होतं, सावत्र भाऊ नक्की कुणाचा, हे सगळं न बघता सांगितलं. मागं रांग होती. रांगेतल्या एका आडत्यानं त्यांची चूक दुरुस्त केली: खिरीत नव्हतं, दुधात होतं. त्या दिवशी सोयाबीनचा भाव उतरला होता, पण त्याच्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. न्हाव्याकडं गेलो तर तो वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून म्हणाला, "पैशे घेतो नव्हं? मग गप ऱ्हावं. मी कुणाला म्हणताव का, तुमचं डोस्कं बघवत नाही मला?" वस्तरा उचलेपर्यंत मी पूर्ण सहमत होतो.

ही जुनी खोड आहे. 25 जानेवारी 1987 ला रामायण सुरू झालं तेव्हा आमच्या गावी एकच टीव्ही होता, तोही काळा-पांढरा. रविवारी सकाळी आमची आजी अंघोळ करून, नव्या लुगड्यात त्याच्यासमोर बसायची आणि टीव्हीला हळदीकुंकू लावायची. काच कुंकवानं माखल्यामुळं अर्धं अरण्यकांड आम्ही लालच पाहिलं. लोकांनी त्या नटांच्या पाया पडायचं काही बाकी ठेवलं नाही. पुढं 1991 साली सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून, दोघंही लोकसभेत निवडून गेले. 1996 ला महाभारतातला कृष्ण, आपले नीतीश भारद्वाज, जमशेदपूरहून गेले. राम झालेल्या अरुण गोविल यांना मात्र मेरठहून निवडून यायला 2024 उजाडावं लागलं. म्हणजे सीता आणि रावण संसदेत पोचल्यावर तेहेतीस वर्षांनी राम. मूळ वनवास तर चौदाच वर्षांचा होता.

उलटंही झालेलं आहे. निळू फुले हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, आयुष्यभर समाजाच्या कामाला वाहून घेतलेला. पण पडद्यावर त्यांनी जी काही धोतराचा सोगा धरून नजर टाकली, तिच्यामुळं गावोगावच्या बायका त्यांना बघून पदर सावरायच्या आणि शिव्या घालायच्या. आमच्या आत्याला कुणी सांगितलं की हो, ते फार सज्जन आहेत, तर ती म्हणायची, "आसतील. पर मी एकटी जानार न्हाई तिकडं." तेव्हा आमच्या लेकराला ते मालिकेत जसं आहे तसंच समजलं जावं, यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की त्याला स्वतःला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी भिशी होती. भिशीत बहिष्काराचा ठराव झाला: आठ ते साडेआठ गल्लीतला एकही टीव्ही लागणार नाही. काकूंनी तो सुवाच्य अक्षरांत लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माझ्या बायकोनं सही करताना विचारलं, "आपण बंद केलं हे त्यांना कळणार कसं?" या प्रश्नाचं गांभीर्य भिशीला कळलं नाही, पण भाच्याला कळलं. टीआरपी हा त्याचा नीटच्या अभ्यासक्रमाबाहेरचा आवडता विषय आहे.

त्यानं सांगितलं ते असं. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर. त्यांतल्या पन्नास हजारांच्या वर घरांत बार्क नावाच्या संस्थेनं एक पेटी बसवलेली आहे. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण असते, ती पेटीला कळते. घरातल्या प्रत्येक माणसाला एकेक बटण. टीव्हीपुढं बसलं की आपलं बटण दाबायचं. त्यावरून दर गुरुवारी आकडे येतात, आणि त्या आकड्यांवर सुना नांदतात नाहीतर मरतात. पेटी कुणाच्या घरी आहे हे गुपित. "आपल्याकडं पेटी नाही," भाचा म्हणाला, "तुम्ही टीव्ही बंद ठेवा, चालू ठेवा, नाहीतर विहिरीत टाका. त्यांना काही फरक पडत नाही."

वहिनी थोडा वेळ गप्प बसली. इतकी वर्षं आपण बघतोय आणि आपल्याला कुणी मोजलंच नाही, हा अपमान पहिल्यापेक्षा मोठा होता. तो मात्र कुणी लाल अक्षरांत लिहिला नाही.

मग शोध सुरू झाला: आपल्या गल्लीत पेटी कुणाकडं? संशय कोपऱ्यावरच्या घरावर गेला, कारण त्यांच्याकडं मागच्या महिन्यात खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस येऊन गेला होता आणि त्यानंतर त्यांच्या गच्चीवरून एक निळी वायर खाली आली होती. काकू हळदीकुंकवाच्या निमित्तानं जाऊन बघून आल्या. ती पाण्याच्या टाकीची मोटार होती. तरी त्या घरच्या बाईंशी दोन दिवस सगळे जरा आदरानं बोलत होते.

बहिष्काराची पहिली रात्र मी विसरणार नाही. आठ वाजले. गल्ली चिडीचूप. एरवी त्या वेळी आमच्या गल्लीच्या या टोकाला सुरू झालेलं शीर्षकगीत त्या टोकापर्यंत न थांबता ऐकू येतं. लोडशेडिंगच्या काळात लाइट गेली की आई आत्याला फोन लावायची, कारण आत्याच्या गावची लाइट वेगळ्या वेळेला जायची, आणि आत्या तिकडून सगळा भाग तोंडानं दाखवायची. "आता ती जिन्यावरून उतरायली... थांब... पडली!" अंधारातसुद्धा या घरानं भाग चुकवला नव्हता. आणि आता लाइट असून टीव्ही बंद. कुणाला काय करावं सुचेना. वहिनीनं मला विचारलं, "बँकेत कसं चाललंय?" लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं हे पहिल्यांदाच विचारलं. मी सांगायला लागलो तर म्हणाली, "बरं बरं," आणि घड्याळ बघितलं. आठ वाजून चार मिनिटं झाली होती.

शेवटी सगळे शतपावलीला बाहेर पडले. अख्खी गल्ली रस्त्यावर. एकमेकींच्या खिडक्यांखालून बायका इतक्या हळू चालत होत्या, की ती शतपावली नसून पहारा होता.

ठराव मोडला असं मी म्हणणार नाही. ठरावाचा अर्थ लागत गेला. काकूंचं म्हणणं पडलं, की ठराव रात्री आठचा आहे, दुपारी लागणाऱ्या पुनःप्रक्षेपणाबद्दल त्यात एक अक्षर नाही. "लिहिलं मीच आहे, मला ठाऊक," असं त्या म्हणाल्या. वहिनीनं पुढचं पाऊल टाकलं: ठरावात 'टीव्ही' म्हटलंय, मोबाईल म्हटलेलं नाही. भाच्यानं ॲपचे पैसे माझ्या खात्यातून भरले. पैसे भरले की तिथं भाग टीव्हीच्या आधीच दिसतो. म्हणजे बहिष्कार घातल्यापासून आमच्या घरात मालिका लोकांच्या आधी बघितली जाऊ लागली. रात्री आठला टीव्ही मात्र कटाक्षानं बंद. बोलल्यासारखं वागणारं घर आहे आमचं.

या सगळ्यात मी एक उद्योग केला. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडी थोडी करून ती दीड तासाची मुलाखत अख्खी ऐकली. लातुरात ती पूर्ण ऐकलेला मी एकटाच असावा. त्यात लेकरू बरंच काही बोललं होतं. बारा-बारा तासांची शिफ्ट. ठाण्याला घोडबंदर रोडवर सेट, तिथं पोचायलाच जीव मेटाकुटीला येतो. आज चित्रित केलेला प्रसंग दोन-तीन दिवसांत दाखवायचा असतो, म्हणून ताप असला तरी उभं राहायचं. कामाचे पैसे हातात पडायचे नव्वद दिवसांनी. आणि ते भाजीचं वाक्य? त्याच्या पुढंच त्यानं म्हटलं होतं, की माझी आईसुद्धा अशीच बघते, विळीवर बसून, आणि माझा प्रवेश आला की तिचं बोट कापतं.

हे मी मोठ्या उत्साहानं घरी सांगितलं. वाटलं, आता सगळं निवळेल.

"म्हंजी सख्ख्या आईला म्हणला व्हय!" वहिनी म्हणाली. "मग तर लईच झालं."

फक्त आईनं मधेच विचारलं, "पैशे किती दिसानं देतेत म्हणलास?"

"नव्वद."

"अन् तवर खातंय काय?"

मी म्हणालो, ते काही सांगितलं नाही. आई बराच वेळ जपाची माळ हातात धरून बसली. माळ पुढं सरकत नव्हती.

त्यानंतर माफीचा व्हिडिओ आला. तो येणारच होता. येण्याची रीतच आहे. पांढरा कुडता, हात जोडलेले, आवाज खाली. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला', 'तुम्ही माझे मायबाप', 'कुणाची मनं दुखावली असतील तर'. आमच्याकडं तो टीव्हीला जोडून मोठ्या पडद्यावर बघण्यात आला. (आठच्या आत.) काकूंना 'असतील तर' हे खटकलं; दुखावली आहेत, त्यात तर कसला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. वहिनी म्हणाली, माफी मागायला आलाय पण केसाला जेल लावून आलाय. माझ्या बायकोनं ओळखलं, की मागचं देवघर मालिकेतलंच आहे, म्हणजे गड्यानं दोन प्रसंगांच्या मधल्या वेळात माफी उरकलेली आहे.

आईनं यातलं काहीच ऐकलं नाही. ती पडद्याजवळ गेली, चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाली, "उठून बसलं की गं!"

"आज्जी, ते..." भाचा सुरू झाला.

"वाळलंय लेकरू." मग आमच्याकडं वळून तिनं निकाल दिला: "डोस्क्याला मार लागलेलं माणूस हाय ते. घाटातून पडलंय. अशा माणसाच्या बोलण्याचं काय धरून बसलात गं तुम्ही? शुद्धीवर असतं तर बोललं असतं का असं?"

घरात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तर्कशास्त्राच्या दृष्टीनं त्यात किती भोकं होती ते मला दिसत होतं, भाच्याला तर आकृती काढून दाखवता आली असती. पण वहिनीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिला बाहेर पडायला दार हवंच होतं. दुपारपर्यंत हा निकाल गल्लीभर झाला आणि सगळ्यांना एकदम पटला. काकूंनी सुद्धा वहीत 'मेंदूस इजा' असं लिहून टाकलं.

येळवस जवळ आली होती. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडं शहरात माणूस दिसत नाही. जिल्ह्याला सुट्टी असते, गंजगोलाईत शुकशुकाट, आणि सगळं लातूर कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला. शेत नसलं तरी अडत नाही. बोलावणं आलं नाही असा माणूस त्या दिवशी सापडायचा नाही. आम्ही मावशीला आणि तिच्या लेकरांनाही घेतलं. गड्यानं कडब्याची कोप घातलेली होती. आत पाच पांडवांची पूजा झाली, शेताला आंबील शिंपडून झालं, आणि मग पंगत. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, हरभरा, मेथी सगळं एकात घालून ताकाच्या बेसनात शिजवलेली भज्जी, सजगुऱ्याचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली गार आंबील. येळवसच्या भज्जीवर मी वेगळं लिहीन. ती असल्या लेखात मधेच उरकायची गोष्ट नाही. एवढंच सांगतो, की ठेच्याला रंग परत आला होता.

जेवणं झाल्यावर वहिनी अस्वस्थ झाली. त्या दिवशी लेकरू शुद्धीवर येणार होतं. शेतात रेंज फक्त विहिरीजवळच्या बांधावर, तीही मोबाईल एका विशिष्ट उंचीवर धरला तर. सगळ्या बांधावर जाऊन बसल्या. मोबाईल धरायला उंच माणूस म्हणून मला उभं केलं. मावशी सगळ्यांत पुढं, कारण आज तिच्या हातात कढई नव्हती, मोरी नव्हती, नळ नव्हता. इतक्या वर्षांत मालिकेपुढं ती पहिल्यांदा नुसती बसली होती.

लेकरानं डोळे उघडले. बायकोकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही... कोण?"

कडाड् करून वीज चमकली. नायिकेचा चेहरा जवळून. मग सासूचा. मग सावत्र भावाचा. मग पुन्हा लेकरू, दुसऱ्या बाजूनं: "तुम्ही... कोण?" परत वीज. परत तिन्ही चेहरे, या वेळी काळे-पांढरे. मग हळूहळू, सतार मोडल्यासारख्या आवाजात, तिसऱ्यांदा: "तुम्ही..."

"कळलं की रं बाबा!" मावशी ओरडली. "किती डाव तेच ते सांगतूस!"

बांधावर कुणी काही बोललं नाही. वहिनीनं मावशीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी एका हातात मोबाईल तसाच धरून दुसऱ्या हातानं आंबिलीचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला, आणि संपली तरी काढला नाही.